वास मारतंय म्हणून कुत्रं उद्यमबागेत सोडणाऱ्यांना

मंडळी, स्पष्टच लिहितोय. राग येणार असेल तर येऊ दे.

पावसाळा लागल्यापासून आमच्या शेडच्या गल्लीत हे तिसरं पाळीव कुत्रं. गळ्यात पट्टा, खायला घातलेलं अंग, लॅब्रडॉर. गल्लीतल्या कुत्र्याला ट्रक मागं येताना कुठं सरकायचं ते कळतं. ह्याला कळत नाही. हे गेटपाशी बसून येईल त्या गाडीकडं बघत राहतं. वॉचमन मामांनी ओळखलं कुणाचं ते. मालकांना फोन लावला तर उत्तर काय, "घरात लई वास मारत होतं की हो. सुनेचं बाळंतपण आलंय. तिकडं कारखाने हाईत, कामगार काहीतरी टाकतात, जगतंय ते."

जगतंय ते! सहा वर्षं ह्याच कुत्र्याचा वाढदिवस केक कापून साजरा झालाय त्या घरात.

आता वासाचंच काढलंय तर बोलू या. आम्ही उद्यमबागेच्या वासातच वाढलो. वडील टर्नर. संध्याकाळी तिसऱ्या गेटावरनं सायकल यायची तेव्हा माणूस दारात पोचायच्या आधी कूलंटचा आंबूस वास घरात यायचा. जुनं झालेलं कूलंट ज्यांनी हुंगलंय त्यांना सांगायला नको. फाउंड्रीत कामाला असलेल्या काकांच्या शर्टाला जळक्या वाळूचा आणि काकवीचा वास, कारण साच्याच्या वाळूत मोलॅसिस घालायचे. आईनं कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले, हात धुवायला लाकडाचा भुसा आणि साबण मोरीत ठेवला, एवढंच. वास मारतोय म्हणून वडिलांना खानापूर रोडला सोडून आली नाही.

निपाणीची आमची मावशी तंबाखूच्या वखारीला लागून राहायची. सुट्टीत गेलो की पहिले दोन दिवस नुसत्या शिंका आणि ठसका. गाद्या, उशा, तिच्या लुगड्याच्या घड्या, सगळ्याला तंबाखू. त्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या मागं शेतकऱ्यांनी हायवे अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. तो वास म्हणजे पोट होतं. आणि आपल्या अनगोळ-मजगावच्या जुन्या घरांत पुढच्या सोप्यालाच म्हैस बांधलेली असायची की. ज्या कुंद्याचा डबा पाहुण्यांना अभिमानानं देतो त्याचं दूध काय अगरबत्तीतून येतं?

म्हणजे पैसे देणाऱ्या वासाला आपण वास म्हणत नाही. माया देणाऱ्याला मात्र लगेच म्हणतो.

आता दुसऱ्या बाजूनंही ऐका, म्हणजे आम्हा कुत्रेवाल्यांनी. "आमच्याकडं अजिबात येत नाही हं वास" हे वाक्य आपण बंद करावं. नाकाला सवय होते, थोड्या वेळात ते सांगायचंच सोडून देतं. वडिलांना कूलंटचा वास कधी आला नाही, तसंच हे. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर दार उघडताना पहिला श्वास घ्या, किंवा बहिणीला खरं सांगायला लावा. आलेल्या पाहुण्याला नाक आहे, तो शत्रू नव्हे.

पण वास आला तर तो कशाचा, हे कोण बघतंय? ह्याच लॅब्रडॉरची गोष्ट सांगतो. आम्ही त्याला शेडमध्ये घेतलं, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही कान आतून सडल्यासारखे, तपकिरी मळ आणि पू. पंधरा दिवस कानात औषध, कान कोरडे ठेवणं, आणि वास गेला. गेला म्हणजे गेलाच. ज्याला "कुत्र्याचा वास" म्हणून घराबाहेर काढलं तो ठणकणाऱ्या कानाचा वास होता. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना आपल्या बेळगावच्या पावसात हे हमखास होतं. तोंडाला घाण येत असेल तर दात बघा. शेपटीखालून मासळीसारखा वास असेल तर तिथल्या ग्रंथी भरल्यात, डॉक्टर दोन मिनिटांत मोकळ्या करतात. एवढं सोडून आपण काय करतो, तर माणसाच्या सुवासिक साबणानं आठवड्याला दोनदा आंघोळ. त्यानं कातडी कोरडी पडते, खाजवून जखमा होतात, मग आणखी वास.

ओल्या कुत्र्याचा वास येतो तो केसांतल्या जंतूंमुळं, पाणी लागलं की त्यांचा वास हवेत सुटतो. उपाय पाणी नव्हे, कोरडं करणं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं माणसांचे कपडे वाळत नाहीत, मग कुत्र्याचं पोतं कसं वाळणार? दोन अंथरुणं ठेवा, आलटून पालटून गरम पाण्यात धुवा, उघडीप मिळाली की गच्चीवर टाका.

आणि फेनेल. आपल्या लोकांचा फेनेलवर काय विश्वास आहे! मांजर मुतलं, ओत फेनेल. पंज्याला लागतं, मांजर पंजा चाटतं. काळ्या फेनेलमधली फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, ते विषच आहे त्याला. डांबरगोळ्या कोपऱ्यात ठेवणाऱ्यांनाही हेच. ब्लीचिंग पावडर तर लघवीवर टाकूच नका, लघवीतला अमोनिया आणि ते मिळून जो वायू होतो तो तुमच्याच छातीत जातो.

मांजराच्या लघवीतलं युरिक आम्ल नुसत्या पाण्यानं निघत नाही. वाळून बसतं, पावसाळी दमट हवा आली की परत उठतं. म्हणून "जुलैतच का वास येतो" असं आक्का विचारत होत्या, त्याचं उत्तर हे. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते ओतून लगेच पुसायचं नाही, काही तास ओलं राहू द्यायचं. त्याच्या आधी किंवा वरून फेनेल मारलंत तर त्याचं काम तिथंच थांबलं. ताजं असेल तर आधी जुन्या कापडानं टिपून घ्या, घासू नका.

आपल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी. ती सच्छिद्र, लघवी पिते. व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिनेगरचा उपाय तिथं चालत नाही, कारण शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आम्लानं खातो, आणखी छिद्रं पडतात. संत्र्याच्या सालीचं घरगुती बायो-एन्झाइमही आंबटच, तेही तिथं नको. सारवलेल्या जमिनीचं बरं होतं. वरचा थर दर काही दिवसांनी नवा व्हायचा. आता व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या, पण सांधे सिमेंटचेच, वास तिथं लपतो. टाइल चकाचक पुसून उपयोग नाही, सांधा भिजवावा लागतो.

बोका दारं-भिंती शिंपडतो त्याला शस्त्रक्रिया करून घ्या, वास आणि शिंपडणं दोन्ही पुष्कळ कमी होतं. आणि शहाणं मांजर अचानक घरात घाण करू लागलं तर ते सूड घेत नाही, बहुतेक आजारी आहे. बोका नुसता बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर टाकलं तर जीव जातो.

बाळंतपणाचं कारण देणाऱ्यांसाठी. गरोदर बाईनं मांजराची विष्ठा काढू नये, हे खरं, टोक्सोप्लाझ्माची भीती असते. पण तो जंतू विष्ठेत पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक दिवस तरी घेतो. दुसऱ्या कुणीतरी रोज ट्रे साफ करावा, संपलं. सासऱ्यांनी करावा, नवऱ्यानं करावा. घरात हात कमी आहेत काय? आणि हे झालं मांजराचं. लॅब्रडॉरनं काय बिघडवलं होतं सुनेचं?

जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय १० ते ५० रुपये. फेनेलची बाटलीही येत नाही तेवढ्यात.

खरंच ठेवणं जमत नसेल, बदली झाली, घरात दमेकरी आहे, तर समजू शकतो. मग महिनाभर आधी पाव्हण्यापैंत विचारा, लसीचं कार्ड द्या, काय खातं, कशाला भितं ते सांगा. त्याचं अंथरूण बरोबर द्या आणि तेवढं एक मात्र धुऊन देऊ नका. नव्या घरात पहिले काही दिवस त्याला ओळखीचा तेवढाच वास असतो.