परकोटातील घरे आणि शहराचे नियम

व्यापारी पेठेचे पेंढाऱ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत, १८०७ साली, अमरावतीच्या परकोटाचे काम सुरू झाले. पेंढारी गेले, निजामी गेली. परकोट बऱ्याच अंशी टिकला. त्याच्या आतील घरांना आज भय आहे ते नगररचनेच्या नियमांचे. मोर्णेच्या पश्चिम काठावरील जुन्या अकोल्याची कथाही याहून वेगळी नाही.

ही घरे कापसाच्या व्यापाराने आणि वऱ्हाडी उन्हाने घडविली. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवे नाही. म्हणूनच भिंती जाड, मधे चौक, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत आणि रस्त्यालगत ओटा, अशी ही रचना झाली. बांधकामाचे नियम मात्र मोकळ्या ले-आउटमधील भूखंड डोळ्यांपुढे ठेवून रचलेले असतात. त्यांना समोर व बाजूला मोकळी जागा हवी, वाहनतळ हवा. महानगरपालिका कायद्यातील रस्त्याची नियमित रेषा घरावरून जात असेल, तर मोडकळीस आलेला दर्शनी भाग पुन्हा बांधताना मालकाला मागे सरावे लागू शकते. ओसरी गेली की वाडा उरतो कुठे? अशा स्थितीत मालकाला वाडा पाडणेच सोयीचे वाटल्यास त्याला दोष कसा द्यावा?

कायद्यात तरतूद नाही, असे म्हणता येणार नाही. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा विचार करता येतो. डिसेंबर २०२० मधील एकीकृत विकास नियमावलीत दाट वस्तीसाठी वेगळे नियम आहेत आणि वारसा वास्तूंसाठीही आहेत. तथापि, दाट वस्तीचा नियम गर्दी पाहतो, घराची घडण पाहत नाही. आणि वारशाचे संरक्षण यादीत समावेश झाल्यावाचून मिळत नाही. एकेक घर यादीत येण्याची वाट पाहिली, तर तोवर गल्लीच नाहीशी होईल. म्हणून संपूर्ण मोहल्लाच वारसा परिसर ठरवून त्याला साजेसे नियम करणे अगत्याचे आहे. इमारतीची उंची गल्लीच्या रुंदीशी व शेजारच्या घरांशी जुळणारी असावी. जुन्या पायावर, जुन्या रेषेत पुनर्बांधणी करता यावी. वाहनतळाची अट शिथिल व्हावी. आणि खाली दुकान, दवाखाना वा अभ्यासिका चालविण्यास मुभा असावी.

खरा प्रश्न पैशाचा आहे. वाडा टिकला तर शोभा साऱ्या गावाची, खर्च मात्र एकट्या मालकाचा. त्यातच भाडेकरूंचे भाडे जुने आणि वारसांचे हिस्से अनेक. इतरत्र वापरता येणारे विकास हक्क मालकाला देण्याचा उपाय सांगितला जातो. परंतु अशा हक्काला भाव येतो तो जमीन महाग असेल तेथेच. मुंबईत चालणारी हुंडी अमरावतीत वटेलच, याची खात्री नाही. येथे मालमत्ता करात सूट, दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज आणि विनाविलंब परवानगी हेच उपाय अधिक उपयोगी ठरतील. अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा लाभला, तेथील पोळांतही माणसे राहतात. वस्ती नांदती राहणे हेच जतनाचे पहिले साधन होय.

अरुंद गल्लीत अग्निशामक बंब कसा शिरणार, पडक्या घरात माणसांनी का राहावे, असे आक्षेप घेतले जातात, आणि ते रास्त आहेत. धोकादायक भिंत उतरविलीच पाहिजे. गल्लीगल्लीत आग विझविण्यासाठी पाण्याची सोयही झाली पाहिजे. पण त्याच अरुंद गल्लीत उंच इमारती उभ्या करून तेथील माणसे व वाहने दुप्पट केल्याने बंबाची वाट मोकळी होत नाही.

अमरावतीला १९८३ साली आणि अकोल्याला २००१ साली महानगरपालिका मिळाली. मोठेपणाचा तो शिक्का मिळण्यापूर्वीच ही शहरे घडली होती. त्यांच्या जुन्या अंगावर नवे कपडे चढवायचे असतील, तर माप आधी अंगाचे घ्यावे. कापडासाठी अंग कापू नये.