दप्तर राहिले, वाचणारा गेला

अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाची संदेशयंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होती, हे वाचून आपल्याकडील सुशिक्षितास हसू येते. हसण्यापूर्वी त्याने बुलढाण्यातील महसुली दप्तराचा विचार करावा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला खरा. परंतु भाऊबंदकीत हद्दीचा तंटा निघाला की जुना फेरफार शोधल्यावाचून गत्यंतर नसते.

यास केवळ सरकारी आळस म्हणणे अन्यायाचे होईल. संगणकात नोंद उतरवताना एक आकडा चुकला, तर भुर्दंड कार्यालयास नव्हे, शेतकऱ्यास पडतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज घेऊन खेटे तोच घालतो, आणि त्या वेळी त्याच्या बाजूने साक्ष देतो तो जुना कागदच. तेव्हा कागद जपणे हा शहाणपणाचाच व्यवहार होय.

चूक निराळीच आहे. अमेरिकेने जुन्या यंत्रासोबत ते दुरुस्त करणारे तंत्रज्ञही पगारावर राखले होते. आपण मोडीतील दप्तर राखले; वाचणारा राखला नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांचाच शोध घ्यावा लागला. स्कॅनिंगची निविदा अंदाजपत्रकात दिसते, वाचकाचा पगार मात्र कायमचा बोजा वाटतो. न वाचलेल्या पानाचे छायाचित्र संगणकात ठेवण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मोडी जाणणाऱ्या लिपिकाचे एक कायम पद तरी निर्माण करावे.