आधी लगाम, मग टाच

वाचकहो, गोदावरीकाठच्या बासरला जाण्याचा योग आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या येत असतो. मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याला पाटी-पेन्सिल घेऊन सरस्वतीच्या पुढ्यात बसवायचे, पुरोहितांनी त्याचा हात हातात धरून पहिले अक्षर गिरवायचे आणि मग ते बिऱ्हाड प्रसाद घेऊन परत फिरायचे. व्यासमहर्षींनी नदीतून रोज मूठमूठ वाळू आणून येथल्या देवीमूर्ती घडविल्या, अशी स्थानिक कथा आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेले. परंतु जिल्हा बदलला तरी वाट तीच आहे. गेल्या महिन्यात आमच्या नातीच्या अक्षराभ्यासासाठी आम्ही सहकुटुंब तेथे गेलो होतो.

बाकी मंडळी रेल्वेने आली. आमचे भाचेराव मात्र हैदराबादेहून निजामाबादमार्गे आपल्या स्वतःच्या गाडीने आले. ही गाडी म्हणजे दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी, जुनी घेतलेली स्पोर्ट्स कार. देवळाबाहेर ती उभी राहताच पोरे भोवती जमली. नव्या गाड्यांपुढे नारळ फोडणारी मंडळीही आपला नारळ हातात धरून क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली. आमच्या थोरल्या भगिनी, म्हणजे भाचेरावांच्या मातोश्री, तेवढ्या तिकडे पाठ करून बसल्या होत्या.

त्याचे कारण आम्हाला प्रसादाच्या पंगतीत कळले. दोन महिन्यांपूर्वी भाचेराव चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या शर्यतमार्गावर गेले होते. तेथे शुल्क भरून आपली गाडी आपण वेगाने चालवायची, असा एक दिवस ठेवलेला होता. पाच-सहा फेऱ्या उत्तम झाल्या. पुढच्या फेरीत वळणाआधी ब्रेक दाबला, तो पेडल सरळ तळाला गेले. गाडी मार्ग सोडून वाळूत रुतली. इजा कोणालाच झाली नाही. परंतु ही गोष्ट आईच्या कानावर गेल्यावाचून राहिली नाही.

अक्का आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझं सारं आयुष्य यंत्रशाळेत गेलं. तुझं तो ऐकतो. गाडी विकून टाक म्हणून सांग त्याला."

इतक्यात भाचेराव खिशातून एक कागद काढीत आले. "मामा, तुम्ही जरा ही यादी बघा. पुढच्या खेपेच्या आधी एवढं बसवून घ्यायचं आहे."

यादीत पहिले नाव होते इंजिनाच्या संगणकाची नवी जुळवणी, ज्याला ही मंडळी 'रिमॅप' म्हणतात. दुसरे मोठ्या नळीचा सायलेन्सर, तिसरे हवा ओढणारा नवा फिल्टर, चौथे मोठा टर्बो. त्यानंतर रुंद चाके, मागचा पंख, कडक स्प्रिंगा. अगदी शेवटी, पेन्सिलीने, प्रश्नचिन्हासह लिहिले होते : ब्रेक?

आम्ही त्यास इतकेच विचारले, "अरे, त्या दिवशी गाडी पळायची थांबली होती, की थांबायची थांबली होती?"

प्रश्न सोपा होता. पण त्याचे उत्तर द्यायला भाचेरावांना देवळाच्या पायऱ्यांवर बसावे लागले. आम्हीही बसलो, आणि कागद उलटा करून त्यावर थोडे गणित मांडले. ज्या घरांत अशी गाडी आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते येथे देतो.

समजा, माणसासह गाडीचे वजन १२०० किलो आहे आणि सरळ रस्त्याच्या शेवटी ती ताशी १८० किलोमीटर वेगाने येते. वळण घेण्यासाठी तिला ताशी ८० पर्यंत खाली यायचे आहे. या दोन वेगांमधली गतिज ऊर्जा सुमारे १२ लाख ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेत जवळजवळ चार लिटर थंड पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता चार-पाच सेकंदांत मुख्यतः चार लोखंडी तबकड्यांत शिरते; आणि ती निवते न निवते तोच पुढचे वळण येते. शहरात हिंडणाऱ्या गाडीचे ब्रेक या कामासाठी केलेलेच नसतात.

उष्णता तबकडीतून पॅडमध्ये आणि पॅडमधून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ३ या प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. ओल शोषलेल्यासाठी तीच मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० असे आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. भाचेरावांचे पेडल तळाला गेले ते बहुधा याच वाटेने. गाडी घेतल्यापासून ब्रेक ऑइल बदलले होते का, या प्रश्नावर ते नदीकडे पाहू लागले.

तेव्हा आमच्या यादीत पहिले नाव काही शे रुपयांच्या बाटलीचे आले : नवे, उच्च प्रतीचे ब्रेक ऑइल, जुने पूर्ण काढून भरलेले. दुसरे, उष्णता सोसणारे पॅड. मात्र येथे एक पथ्य आहे. केवळ शर्यतीसाठी केलेले पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. मार्गावर जे तारतात, तेच सकाळी कचेरीला जाताना पहिल्या सिग्नलला दगा देऊ शकतात. ज्याला एकच गाडी दोन्हीकडे चालवायची आहे, त्याने मधल्या प्रतीचे पॅड घ्यावेत. तिसरी गोष्ट फुकट आहे : शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक निववावेत आणि गाडी उभी केल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नये.

ब्रेकनंतर टायर. गाडी कितीही मोलाची असो, ती जमिनीला टेकलेली असते चार तळहातांएवढ्या जागेवर. पळणे, वळणे, थांबणे, सारे तेवढ्या जागेतून घडते. म्हणून चांगला टायर तिन्ही गोष्टी एकदम सुधारतो. तसे दुसरे कोणतेच सामान करीत नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला शिकावे : २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. वेगात टायर तापतो आणि आतला दाब पाच-सहा पौंडांनी सहज वाढतो, म्हणून फेऱ्यांनंतर गरम असतानाच तो मोजून थोडी हवा सोडावी आणि घरी निघताना पुन्हा भरावी. फारशा खाचा नसलेले शर्यतीचे टायर कोरड्यात अप्रतिम धरतात. पण पावसात त्यांना पाणी बाहेर फेकता येत नाही. चेन्नईहून हैदराबादेपर्यंत त्याच टायरांवर आषाढात परतायचे असेल, तर तो मोह टाळावा.

तिसऱ्या पायरीवर स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर. हे दांपत्य आहे; एकालाच बदलून चालत नाही. कडक स्प्रिंग आणि थकलेला शॉक ॲब्सॉर्बर एकत्र आले की गाडी रस्त्याला धरण्याऐवजी उड्या मारते. त्याआधी चाकांची जुळवणी नीट करून घ्यावी. वळणात गाडी कलते तेव्हा बाहेरचे चाक आपल्या कडेवर उभे राहू पाहते. म्हणून वरची बाजू किंचित आत झुकवून ठेवतात, त्याला कॅम्बर म्हणतात. मार्गावर दोन-तीन अंश झुकाव उपकारक ठरतो, पण रोजच्या रस्त्यावर तोच टायरची आतली कड खातो.

आणि चौथ्या पायरीवर इंजिन. टर्बो असलेल्या इंजिनातून नव्या जुळवणीने बरीच शक्ती काढता येते. टर्बो नसलेल्यातून फारच थोडी, तेथे सायलेन्सर बदलून मुख्यतः आवाज वाढतो. पण पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकाच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. म्हणून शक्ती वाढवली की उष्णताही वाढते आणि पाणी, ऑइल व हवा निववण्याची सोय आधी वाढवावी लागते. शिवाय ताशी १८० च्या जागी २०० आले, तर वेग एक नवमांशानेच वाढतो, पण गतिज ऊर्जा जवळजवळ चौथाईने वाढते. हे ओझे पुन्हा त्याच ब्रेकांवर येऊन पडते.

कायद्याचीही गोष्ट सांगणे आम्हास भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बंधन अधोरेखित केले. नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी धरलेली नसते. म्हणजे वाळूत रुतलेली गाडी काढण्याचा खर्च ज्याचा त्यानेच सोसायचा.

भाचेराव थोडे हिरमुसले. "म्हणजे मामा, शक्तीला काही अर्थच नाही?"

अर्थ आहे; पण तिची पाळी नंतरची आहे. आम्ही त्यास कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांची आठवण दिली. या गृहस्थांनी १९८०च्या दशकात आपल्या घरोघरच्या मारुती ८०० चे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन घेऊन एका माणसाची शर्यतीची गाडी बनवली. फॉर्म्युला मारुती या नावाच्या त्या गाडीत आपल्या मुलांची एक पिढी शिकली. नारायण कार्तिकेयन यांनी भारतातला आरंभ तिच्यातच केला आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे ते पहिले भारतीय झाले. ज्या इंजिनावर आपण भाजी आणायला गेलो, त्यावर ते वळण घ्यायला शिकले.

दुसरे उदाहरण तर भाचेरावांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. ती फ्रान्सच्या ज्याँ-एरिक व्हेर्न यांनी जिंकली. त्या गाड्यांच्या मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नव्हते. वेग उतरवताना मोटारच जनित्र होई आणि वीज परत बॅटरीत जाई. शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के अशी थांबण्यातून मिळते, असे आयोजकांचे म्हणणे होते. जो नीट थांबतो त्याच्याचपाशी पुढे पळायला काही उरते, हे तेथे वीजमापकानेच सिद्ध केले होते.

यादीच्या सगळ्यात वर आम्ही एक ओळ लिहिली : एक दिवस शिक्षकासह. जाणता माणूस शेजारी बसून कोठे पाहावे, ब्रेक कोठे दाबावा, कोठे सोडावा हे सांगतो. त्या एका दिवसाने जो फरक पडतो तो मोठ्या टर्बोने पडत नाही. आणि हे सामान गाडी विकली तरी आपल्यापाशीच राहते.

आता अक्कांना काय सांगायचे, हा प्रश्न उरला होता. गाडी विक, असे आम्ही सांगितले नाही. तरुणाला वेगाची ओढ असणारच. मार्ग बंद केला तर तो रात्री सार्वजनिक रस्त्यावर ती भागवील, जेथे ना वाळूचा पट्टा, ना रुग्णवाहिका, ना समोरून येणाऱ्याची संमती. आम्ही अक्कांपुढे तो कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाल्या, "हे सगळं झाल्यावर त्याला काही होणार नाही, असं लिहून देतोस का?"

तसे लिहून देणे आम्हाला शक्य नव्हते, आणि आम्ही ते कबूल केले. अक्का गप्प राहिल्या. मग भाचेरावांना बोलावून म्हणाल्या, "मामाला तुझ्या गाडीतून घरी ने. वाटेत तो काय सांगतो ते ऐक."

ती परतीची वाट आमच्या पाठीच्या मणक्यांना अजून आठवते. गाडी आधीच खाली उतरवलेली असल्याने गावागावातल्या गतिरोधकांवर तिचे पोट घासत होते आणि प्रत्येक घासणीला भाचेरावांचा चेहरा कसनुसा होत होता. कडक स्प्रिंगांची ओळ त्यांनी कामारेड्डीच्या अलीकडेच मनातून खोडली असावी. घरी पोचल्यावर त्यांनी बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण फिरवले. आत चहाच्या रंगाचे पाणी होते. ते बराच वेळ तिकडे पाहत उभे राहिले.

आमच्या नातीचे म्हणाल, तर तिला पाटीवरचे पहिले अक्षर मुळीच पसंत पडले नव्हते; तिला एकदम मोर काढायचा होता. पुरोहितांनी तिचे बोट सोडले नाही. सध्या घरी रोज एक पाटी भरते आहे. पुढच्या महिन्यात भाचेराव शिक्षकासह चेन्नईला जाणार आहेत. अक्कांनी अजून होकार दिलेला नाही. मात्र ऑइल बदलून आणल्याची पावती त्यांनी मागून घेतली आहे आणि देव्हाऱ्यापाशी ठेवली आहे.