गोल न करणारा मुलगा

मझौलीहून एका ताईंचे पत्र आले आहे. जबलपूर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव विष्णुवराहाच्या जुन्या मंदिरासाठी ओळखले जाते, फुटबॉलसाठी नव्हे. ताईंचे आजेसासरे गन कॅरेज फॅक्टरीतल्या नोकरीसाठी जबलपूरला आले आणि कुटुंब तिकडचेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मुलगा चौदा वर्षांचा. शाळेच्या संघात मागे, म्हणजे बचावफळीत खेळतो. क्रीडाशिक्षक त्याला जबलपूरला निवडचाचणीसाठी पाठवा म्हणतात. वडील म्हणतात, "फुटबॉलच खेळायचा तर निदान एखादा गोल तरी कर!" ताई विचारतात, "मागे उभ्या राहणाऱ्या मुलाचे पुढे काय होते?"

प्रश्न मला आवडला. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येते. बचावपटूने सामन्यात सहा वेळा संकट टाळले तरी त्याची नोंद नाही, आणि सातव्यांदा चुकला की सगळ्यांच्या लक्षात राहतो. घरात गृहिणीच्या कामाचे होते, तसेच थोडेफार.

गोव्याचे महेश गवळी घ्या. जन्म १९८० चा. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते घडले. तिथे मुले वसतिगृहात राहून सरावाबरोबर शिक्षणही घेत. ऐन विशीत ते भारताच्या संघात आले. अंगावर धावून जाण्यापेक्षा चेंडू कुठे येणार हे ओळखून आधीच तिथे हजर असणे, ही त्यांची खासियत. २००३ साली ईस्ट बंगालने जकार्तात आशियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या संघात ते होते. पुढे गोव्याच्या डेम्पो संघाची विजेतेपदे त्यांच्या बचावावर उभी राहिली. आता ते प्रशिक्षक आहेत. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक स्टिमाच यांच्यावर बंदी आली, तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामन्यात रेषेजवळ गवळीच उभे होते. दोन्ही सामने पेनल्टीवर गेले, दोन्ही भारताने जिंकले.

पण ताई, एवढेच सांगून तुम्हाला निरोप दिला तर ती फसवणूक ठरेल. दुसरी गोष्टही ऐका.

पंजाबातल्या आदमपूरचा अन्वर अली २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात बचावफळीत खेळला. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये आपल्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले. त्यातली एक फ्री किक त्याची. २०१९ साली वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयाच्या स्नायूचा दुर्मिळ विकार सापडला. विशीसुद्धा ओलांडली नव्हती, आणि महासंघाने खेळ थांबवायला सांगितले. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पुढे तज्ज्ञांची मते घेऊन, अटी घालून त्याला परवानगी मिळाली. २०२१-२२ च्या हंगामात एफसी गोवाने त्याला घेतले, मार्च २०२२ मध्ये तो देशासाठी खेळला आणि जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध त्याने पहिला गोलही मारला. २०२४ साली त्याच्यासाठी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात इतके भांडण झाले, की १२ कोटी ९० लाखांच्या भरपाईचा आदेश निघाला. न्यायालयात गेल्यावर तो मागे घ्यावा लागला.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना त्याच्या आईचीच आठवण होत राहते. प्रत्येक सामन्याची नव्वद मिनिटे त्या घरात कशी जात असतील? अन्वरला परवानगी मिळाली म्हणून असा विकार असलेल्या प्रत्येकाला मिळेल, असे मुळीच नाही. म्हणून निवडचाचणीआधी मुलाला जबलपूरच्या मेडिकल कॉलेजात नेऊन हृदयाची तपासणी करून घ्या. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. लपवले जाते, म्हणून सांगते.

आता पैशाचे. वरच्या लीगमधल्या मोजक्या खेळाडूंना चांगले मिळतात, बाकीच्यांचे हंगामागणिक ठरते. २०२५ साली तर आयोजनाच्या करारावरून इंडियन सुपर लीग वेळेवर सुरूच झाली नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. तेव्हा दहावी-बारावी सोडू देऊ नका. बचावपटूला घाईही नसते. आघाडीवरच्या मुलाची चमक लवकर दिसते, मागच्याची समज सावकाश पिकते.

गाव लहान आहे म्हणून मात्र मागे राहू नका. तुमच्याच बाजूला शहडोल जिल्ह्यातले बिचारपूर आहे. एके काळी दारूसाठी बदनाम असलेले हे गाव फुटबॉलमुळे 'मिनी ब्राझील' झाले. २०२३ च्या जुलैत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. एका रविवारी बापलेकांना तिकडे पाठवून द्या. तिथल्या मुलांमध्ये मुलगा एक दिवस खेळला, तर त्याचे त्यालाही बरेच कळेल.

आणि त्याच्या वडिलांना माझा एक निरोप. २००५ च्या डिसेंबरात कराचीत सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशला २-० असे हरवले. दुसरा गोल बायचुंग भूतियाचा. पहिला महेश गवळींचा.