समावेशाची कसोटी: समितीत कोण बसते?

निसर्ग-संवर्धनाच्या विज्ञानावरची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद ‘सोसायटी फॉर कन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ ही संस्था भरवते. २०२३ साली ती रवांडातील किगालीत झाली. आफ्रिकेत गेली, हे चांगलेच झाले. पण ठिकाण बदलले म्हणून सत्ता बदलत नाही.

कोणाचा शोधनिबंध घ्यायचा, प्रवासखर्च कोणाला द्यायचा, मंचावर कोण बोलणार, हे अशा परिषदांच्या समित्या ठरवतात. हे काम बहुधा विनामोबदला असते, आणि चाळणी तिथेच लागते. विद्यापीठाचा पगार आणि सफाईदार इंग्रजी ज्याच्याकडे आहे, तोच महिनोन्‌महिने फुकट राबू शकतो. रोजंदारीवर जगणारा वननिवासी नाही. दार सर्वांना उघडे, पण आत बसण्याची ऐपत मोजक्यांची!

हा प्रश्न मानापानाचा नाही, जगण्याचा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये वन्यजीव संस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला. लाखो कुटुंबांवर टांगती तलवार आली. त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, म्हणून ती वाचली. संवर्धनाची व्याख्या कोण करतो, यावर कोण उठवला जाणार हे ठरते.

गोलमेज परिषदेत बाबासाहेबांचा आग्रह हाच होता: आमचा प्रतिनिधी आम्हीच निवडणार. म्हणून समिती सदस्यांना मानधन द्या, भाषांतराची सोय करा आणि वननिवासींच्या संघटनांनी निवडलेल्या माणसांना निर्णयाचा अधिकार द्या. पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या आपल्या तरुणांनीही सवलतीच्या प्रवेशावर समाधान मानू नये. समितीतली खुर्ची मागावी.

जय भीम!