कुंची, बाबासूट आणि शेगडी

कार्तिक संपत आला की धारवाडात पहाटेचा वारा बोचू लागतो. हुबळीचे नातेवाईक चेष्टा करतात, "तुमचं काय, बाराही महिने स्वेटर!" त्यात थोडे खरेही आहे. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. त्यामुळे घरात कुणाला दिवस गेले की कपाटातल्या विणायच्या सुया आणि लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. गेल्या हिवाळ्यात माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे माझ्या बहिणीकडे आली आणि मी बाबासूट विणायला घेतला.

बाबासूट म्हणजे अंगरखा आणि पायजमा एकाच कपड्यात. दुकानदार त्याला रोम्पर म्हणतात. बाळाला उचलले की स्वेटर वर सरकतो आणि पोट उघडे पडते. बाबासूटात ती भीती नाही. तशी ही कल्पना आपल्याला नवीन नाही. आपली कुंची आठवा: टोपडे आणि पाठीवरची झूल एकत्रच. आपल्या भागातल्या बायका इरकल साडीच्या पदरावर जशी कसुती भरत, तशीच ती कुंचीवर आणि कुलाईवर, म्हणजे टोपड्यावरही भरत.

भाचीच्या सासूबाई कन्नड बोलणाऱ्या. आमच्या विहीणबाई, त्यांच्या भाषेत बीगती. त्या येताना त्यांच्या आईने भरलेली खणाची कुंची घेऊन आल्या. तुळशीवृंदावन, हत्ती, पाळणा, सगळे बारीक टाक्यांत. मी कौतुकाने आतली बाजू पाहू लागले, तर एकही गाठ दिसेना. त्या म्हणाल्या, "अक्का, कसुतीत गाठ मारत नाहीत. कूसाच्या अंगाला टोचेल की!" मी गुपचूप माझे विणकाम उलटे करून पाहिले. जिथे नवा गुंडा जोडला होता, तिथे बरोबर पोटावर गाठ. तेवढ्या ओळी उसवल्या आणि जोड कडेला नेला.

ज्यांना विणायचे आहे त्यांच्यासाठी माझे माप सांगते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात असू द्या. चारपदरी मऊ लोकर, १० नंबरच्या सुया. इंचाला साधारण सात टाके बसतात. आधी छोटा चौकोन विणून स्वतःच्या हाताचे माप मोजा. पायाच्या घोट्याशी १२ नंबरवर ४४ टाके घालून दीड इंच एक सुलट, एक उलट अशी पट्टी. मग १० नंबरवर दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवत ६६ पर्यंत जायचे. असे दोन पाय विणून एकाच सुईवर घ्यायचे आणि पाठीच्या बाजूला मधे ८ जादा टाके घालायचे. झाले १४०, म्हणजे वीस इंचांचा घेर. लंगोटासाठी मागच्या बाजूला चार-सहा अर्ध्या ओळी जास्त विणा.

पायांची आतली शिवण मात्र शिवू नका. गळ्यापासून दोन्ही घोट्यांपर्यंत कडेला पट्टी विणून दाबाची बटणे लावा. हे शहाणपण मला माझ्या मुलाच्या वेळी आले. त्याच्या बाबासूटाला मी खाली उघडायची सोयच ठेवली नव्हती. दिवसातून दहा वेळा लंगोट बदलायचा आणि दहाही वेळा थंडीत बाळ पूर्ण उघडे करायचे! ऊब द्यायला विणलेल्या कपड्यानेच त्याला कुडकुडायला लावले.

या खेपेला टाके मोजायला विहीणबाई होत्या. त्या "वंदु, एरडु, मूरु" म्हणत पलीकडून येत, मी "एक, दोन, तीन" म्हणत अलीकडून. मधे गाठ पडली की एकूण १३९ भरत. एक टाका कोणत्या भाषेत हरवला यावर आमचे बराच वेळ हसणे चाले.

हसणे थांबले ते भाची तीन आठवडे आधीच बाळंत झाली तेव्हा. मुलगी, वजन दोन किलो. अडीच किलोच्या आतले बाळ म्हणजे कमी वजनाचे. रात्रभर जागून मी बाह्या पुऱ्या केल्या आणि सकाळी बाबासूट घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तो हातात घेतला, छान म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. "सध्या हा नको. बाळ आईच्या छातीवर, उघड्या अंगाला अंग लावून ठेवायचं. डोक्याला टोपी, खाली लंगोट, आणि वरून दोघींना मिळून पांघरूण."

मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण त्यांनी कारण सांगितले. नवजात बाळाला मोठ्यांसारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबीही कमी. लोकर स्वतः ऊब देत नाही, असलेली ऊब फक्त धरून ठेवते. आईचे अंग मात्र ऊब देते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा ही पद्धत सुरू झाली. कांगारूवरून तिला नाव पडले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच असे ठेवावे.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला शेगडीचा. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि बाळाला धुरी, हे मराठी घरात आहे तसेच कन्नड घरातही. बहीण आणि विहीणबाई या एका बाबतीत एकमताच्या! मला बोलावे लागले. बंद खोलीत निखारे ठेवले की विषारी वायू साठतो. त्याला ना रंग ना वास. दुसरे म्हणजे, आपण ज्याला लोकर म्हणून घेतो, ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. मेंढीची लोकर सहसा लवकर पेटत नाही; अ‍ॅक्रिलिक चटकन पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. मी उरलेल्या धाग्याचा तुकडा अंगणात काडी लावून दाखवला. काळा, चिकट थेंब फरशीवर पडला. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि शेगडी स्वतःच्या हाताने उचलून परसात ठेवून आल्या. धुरीही त्या दिवसापासून बंद.

बाळाला थंडी वाजते का, हे ओळखायची खूण दवाखान्यात शिकवली होती, तीच तुम्हालाही सांगते. तळहाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार लागले तर त्याला छातीशी धरूनच दवाखाना गाठा. मान घामेजलेली असेल तर कपडे जास्त झाले. आणि झोपलेल्या बाळाच्या गळ्याशी नाडी, गोंडा, सैल टोपी काही ठेवू नका.

दोन महिन्यांनी वजन साडेतीन किलोच्या वर गेले, तेव्हा बाबासूट अंगाला नीट बसला. वर बटणे लावली, खालची उघडून पाहिली. यावेळी लंगोट चुटकीसरशी बदलला. विहीणबाईंनी त्यावर कुंची चढवली, फोटोपुरती. तेवढ्यात पोरीने एक पाय जोरात झाडला. "नोड्री अक्का," त्या म्हणाल्या, "एक टाका सुटला बघा!"

खरेच सुटला होता. घोट्याजवळचा. अंकुशी घेऊन मी तो तिच्या अंगावरच उचलला.