दोन मिनिटांच्या राइडसाठी दोन तास रांग का? रोलर कोस्टरमागचं गणित

धाराशिवहून इमॅजिकाला सहल काढायची, तर गाडी आदल्या रात्रीच निघते. खोपोलीजवळचं हे पार्क इथून तीनशे किलोमीटरहून लांब आहे. एवढा प्रवास करून, दिवसभराचं तिकीट काढून आत गेल्यावर मोठ्या राइडसमोर गर्दी असली, की अर्धा दिवस रांगेतच जातो. ही रांग फक्त गर्दीमुळे लागते का? तर नाही. तिचा मोठा भाग राइडचं डिझाइन होतं तेव्हाच ठरलेला असतो.

तासाला किती माणसं?

तुळजापूरची दर्शनबारी आठवा. मंडप कितीही लांब बांधला, तरी रांग किती वेगाने सरकणार हे ठरतं ते एक भाविक देवीसमोर किती वेळ थांबतो त्यावर. रोलर कोस्टरचंही तसंच. इथे 'गाभारा' म्हणजे गाडीत बसायचा फलाट.

समजा, एका गाडीत २८ जागा आहेत आणि दर दीड मिनिटाला एक गाडी सुटते. तासाला ४० फेऱ्या, म्हणजे १,१२० माणसं. बॅगा ठेवणं, बेल्ट लावणं यात उशीर होऊन गाडी दर तीन मिनिटांनी सुटू लागली, तर आकडा थेट ५६० वर येतो. पुढे १,१२० जण उभे असतील, तर एका तासाची रांग दोन तासांची होते. राइड तीच, गर्दीही तीच!

मग जास्त जागा का देत नाहीत?

कारण प्रत्येक जागेची किंमत थरारात मोजावी लागते. गाडी जितकी लांब आणि रुंद, तितकी तिला तीव्र वळणं घेणं अवघड. म्हणून आता एकाच रुळावर धावणारे, एकामागे एक बसवणारे 'सिंगल रेल' कोस्टर येत आहेत. त्यांची वळणं भन्नाट, पण जागा कमी.

इमॅजिकातला 'नायट्रो' हा 'फ्लोअरलेस' कोस्टर आहे. एका ओळीत चौघं बसतात आणि पाय हवेत लोंबकळतात. त्याची मजा वेगळीच. पण प्रवाशांना चढता यावं म्हणून फलाटावर सरकती जमीन लागते आणि ती बाजूला झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. म्हणजे प्रत्येक फेरीत एक काम वाढलं.

सौदी अरेबियात २०२५ च्या शेवटच्या दिवशी सुरू झालेल्या 'फाल्कन्स फ्लाइट'चा वेग ताशी २५० किलोमीटर आहे आणि ट्रॅक चार किलोमीटरहून लांब. पण एका गाडीत जागा फक्त १४.

गाड्या वाढवल्या तर?

एक गाडी फिरत असताना दुसरी भरता येते, त्यामुळे फायदा होतो. पण रेल्वेसारखेच इथेही रुळांचे भाग पाडलेले असतात. एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढचा भाग रिकामा नसेल, तर यंत्रणा मागची गाडी आपोआप थांबवते.

हा नियम मोडला की काय होतं, ते २ जून २०१५ रोजी इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये दिसलं. गर्दी वाढली म्हणून 'स्मायलर' कोस्टरवर पाचवी गाडी आणली गेली. चाचणीची रिकामी गाडी वाटेत अडकली. यंत्रणेने मागची गाडी रोखली, पण कर्मचाऱ्यांना तो यंत्राचा बिघाड वाटला. त्यांनी तो अडथळा हाताने दूर करून १६ प्रवाशांची गाडी पुढे सोडली. धडकेनंतर दोन तरुणींचे पाय कापावे लागले. पुढच्या वर्षी पार्क चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला.

एक्स्प्रेस पासने रांग कमी होते का?

पास घेणाऱ्याची होते. तासाला बसणारी माणसं तेवढीच राहतात, फक्त क्रम बदलतो. एक जण पुढे गेला, की साध्या रांगेतला एक जण मागे पडतो.

जत्रेतल्या पाळण्याचं काय?

येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा असो की नळदुर्गच्या खंडोबाची, आकाशपाळण्याला हेच गणित लागू होतं. एकेक पाळणा खाली आणून भरायचा, दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवायचं. यातच बराच वेळ जातो. धंद्याचे दिवस मोजकेच, त्यामुळे फेऱ्या वाढवायचा मोह मोठा.

जागा, गाड्या, ट्रॅक हे सगळं एकदा बांधलं की बदलणं महाग. मग वेळ वाचवायला सोपी जागा एकच उरते, ती म्हणजे तपासणी. म्हणून राइडवर चढताना एवढं बघा: बेल्ट किंवा दांडा लावल्यावर कर्मचारी तो स्वतः ओढून पाहतो का? सगळ्यांचं तपासून झाल्यावरच इशारा देतो का?

तो हे करत असेल, तर रांग थोडी हळू सरकेल. सरकू द्या. आणि तो हे करत नसेल, तर रांग कितीही भराभर सरकत असली, तरी बाहेर पडा.